सही करण्याआधी प्रशिक्षणाचे विचारा

फ्रँचायझी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. मूळ कंपनी सुरुवातीला जे प्रशिक्षण देते त्यात नेमके काय मिळते आणि त्याच्या भरवशावर व्यवसाय उभा राहू शकतो का, हा त्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न आहे. जागा, गुंतवणूक आणि नफा यांविषयी लोक कंपनीला खोदून खोदून विचारतात. प्रशिक्षणाबद्दल मात्र ‘ते आम्ही देतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानतात. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : सांगलीत मी एका फास्ट फूड साखळीची फ्रँचायझी घेणार आहे. आजवर मी कृषी सेवा केंद्र चालवले. खाद्यपदार्थांच्या धंद्याचा अनुभव नाही. कंपनी 12 दिवसांचे प्रशिक्षण देणार आहे. त्यात काय शिकवतात आणि तेवढे पुरते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसत्या 12 या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही, ते दिवस कुठे आणि कशावर खर्च होणार, यावर सारे अवलंबून आहे. प्रशिक्षणाची लांबी व्यवसायाच्या प्रकारानुसार बदलते, हे आधी लक्षात घ्यावे. अमूलच्या विक्री केंद्रासारख्या ठिकाणी तयार, वेष्टित माल विकायचा असतो, तेथे रॉयल्टीही, म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायचा ठरावीक हिस्साही, नसते आणि शिकण्यासारखे काम मर्यादित असते. आपण घेत आहात ती फ्रँचायझी वेगळ्या जातीची आहे. तेथे पदार्थ आपल्याच दुकानात तयार होणार, आपलीच माणसे तो करणार, आणि तरीही तो सांगलीत तसाच लागला पाहिजे जसा तो पुण्यात किंवा ठाण्यात लागतो. हे साधण्यासाठीच प्रशिक्षण असते. कंपनी आपल्याला तिची कामाची पद्धत शिकवते; धंदा कसा करावा हे शिकवणे हा तिचा मुख्य हेतू नसतो. हा फरक मनाशी पक्का ठेवून प्रशिक्षणाला गेलात, तर तेथून काय आणायचे आणि काय स्वतः उभे करायचे हे आपोआप स्पष्ट होईल.

साधारणपणे या प्रशिक्षणाचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा मुख्य कार्यालयात किंवा प्रशिक्षण केंद्रात होतो. तेथे ब्रँडची ओळख, पदार्थांची यादी, ठरलेल्या पुरवठादारांकडून माल मागवण्याची रीत, बिलिंगचे सॉफ्टवेअर, स्विगी-झोमॅटोवरील ऑर्डर हाताळणे आणि रोजचा हिशेब कंपनीला पाठवणे हे विषय येतात. याच टप्प्यात आपल्याला कार्यपुस्तिका दाखवली जाते किंवा दिली जाते. पदार्थाचे वजन, तळण्याचा वेळ, गणवेश, साफसफाईचे वेळापत्रक असे सगळे तिच्यात लिहिलेले असते. दुसरा टप्पा कंपनीच्या चालू दुकानात प्रत्यक्ष काम करण्याचा, आणि तिसरा आपले दुकान उघडताना कंपनीची माणसे येऊन उभी राहतात तो.

माझ्या मते या तिन्हींत दुसऱ्या टप्प्याला तोड नाही. सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री गल्ला जुळवून शटर ओढेपर्यंतची सगळी कामे आपण तेथे स्वतः केली पाहिजेत, आणि त्यांत भांडी घासणे व फरशी पुसणेही आले. त्यातही शनिवार-रविवारची संध्याकाळ चुकवू नका. दुपारी तीन वाजता शांतपणे एक प्लेट तयार करणे कोणालाही जमते. काउंटरवर रांग, मोबाइलवर ऑनलाइन ऑर्डरची घंटा, आतून ‘पाव संपले’ अशी हाक आणि समोर सुट्ट्या पैशांसाठी थांबलेला ग्राहक, या साऱ्यांत कोणते काम आधी हातात घ्यायचे हे तेथे उभे राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून 12 पैकी निदान निम्मे दिवस चालू दुकानात असावेत आणि त्यांत एक तरी पूर्ण शनिवार-रविवार यावा, अशी मागणी करा. कंपनी सगळे दिवस सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवण्यात घालवणार असेल, तर तेवढे प्रशिक्षण पुरणार नाही.

या काळात एक गोष्ट अगदी बारकाईने शिकून घ्या, ती म्हणजे पदार्थामागचा कच्च्या मालाचा खर्च. मानू या, एक पदार्थ करांशिवाय 60 रुपयांना विकला जातो आणि कार्यपुस्तिकेतील वजनांप्रमाणे त्याला 21 रुपयांचा माल लागतो, म्हणजे खर्च 35 टक्के झाला. आता काउंटरवरच्या मुलाचा हात सैल आहे, थोडे चीज जास्त पडते, थोडी चटणी जास्त जाते, आणि माल 24 रुपयांचा लागू लागतो. खर्च 40 टक्क्यांवर गेला. दिवसाला 300 प्लेट जात असतील, तर रोजचे 900 आणि महिन्याचे 27,000 रुपये असेच गेले. महिन्याची विक्री 5,40,000 रुपये धरली, तर हे नुकसान 5 टक्के रॉयल्टीइतके होते. रॉयल्टी अर्ध्या टक्क्याने कमी व्हावी म्हणून लोक आठवडाभर वाटाघाटी करतात, आणि प्रशिक्षणात वजनकाट्यासमोर उभे राहायला मात्र कंटाळतात. प्रशिक्षकाकडून प्रत्येक पदार्थाची वजने, वाया जाणाऱ्या मालाची नोंद आणि दिवसअखेर साठा मोजण्याची रीत शिकल्याशिवाय परतू नका.

दुसरा विषय अन्नसुरक्षेचा. परवाना आपल्या नावावर आणि आपल्या जागेचा असतो, त्यामुळे तपासणीत चूक आढळली तर जबाबदारी प्रथम आपली. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, ‘फॉस्टॅक’ या कार्यक्रमात अन्नसुरक्षा पर्यवेक्षक तयार केले जातात, आणि दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे असा एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे. हे प्रमाणपत्र मिळवून देणे कंपनीच्या प्रशिक्षणात धरले आहे की आपल्याला वेगळे करायचे आहे, ते विचारा. तळणीचा धंदा असल्याने तेलाबद्दलही नीट शिका. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटकांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाले, तर ते तेल वापरता येत नाही, असा नियम 2018 पासून लागू आहे. ते मोजण्याच्या पट्ट्या आणि उपकरणे मिळतात. तेल नुसते डोळ्यांनी पाहून ‘अजून चालेल’ म्हणण्याची सवय प्रशिक्षणातच मोडली पाहिजे. बिलावर एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे 2022 च्या आरंभापासून बंधनकारक आहे, तेव्हा बिलिंगचे सॉफ्टवेअर शिकताना तोही कोठे भरायचा ते पाहून घ्या.

आपल्या कृषी सेवा केंद्राचा अनुभव वाया जाणार नाही. मुदत संपणारा माल, हंगामाप्रमाणे वरखाली होणारी मागणी आणि तोंडओळखीचे ग्राहक ही तिन्ही आपल्या सवयीची आहेत. फक्त येथे मालाचे आयुष्य महिन्यांऐवजी तासांत मोजावे लागते. जे प्रशिक्षणात क्वचितच शिकवले जाते, ते मात्र आधीच जाणून असा: पहिल्या सहा महिन्यांची भाडे-पगाराची सोय कशी करायची, जागामालकाशी करार कसा करायचा, सांगलीत माणसे कोठून मिळवायची आणि ती टिकवायची कशी. कंपनीने हे शिकवले नाही म्हणून तिला दोष देता येत नाही, पण तिने शिकवले असे गृहीत धरून चालणे धोक्याचे आहे.

प्रश्न : प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा? आम्हाला दिलेल्या करारात फक्त ‘कंपनी योग्य ते प्रशिक्षण देईल’ असे एक वाक्य आहे. ते पुरेसे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुरेसे नाही. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. हा संबंध मुख्यतः 1872 च्या भारतीय करार कायद्याखाली आणि बोधचिन्हाच्या बाबतीत 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली येतो. सही करण्याआधी प्रशिक्षणाचा तपशील लेखी द्यावा, अशी सक्ती कंपनीवर करणारा वेगळा नियम नसल्याने करारात जे लिहिले आहे तेच आपल्या हाती राहते. ‘योग्य ते’ म्हणजे किती, हे उद्या वाद झाल्यावर ठरवत बसण्यापेक्षा आज एक परिशिष्ट जोडून घ्यावे. त्यात प्रशिक्षणाचे एकूण दिवस, ठिकाण, विषय, वर्गातले आणि दुकानातले तास, किती माणसे येऊ शकतात, आपले दुकान उघडताना कंपनीचे कोण आणि किती दिवस थांबणार, आणि ठरलेले प्रशिक्षण न देता दुकान उघडायला लावले तर काय, हे सगळे यावे. चांगल्या कंपन्यांकडे असे वेळापत्रक तयारच असते आणि ते जोडायला त्या का-कू करत नाहीत. जी कंपनी टाळाटाळ करते, तिच्याकडे बहुधा वेळापत्रकच नसते.

खर्चाबाबत सर्वसाधारण रीत अशी की, प्रशिक्षणाचे शुल्क सुरुवातीच्या फ्रँचायझी शुल्कात धरलेले असते, पण प्रवास, राहणे, जेवण आणि त्या काळातले आपल्या कामगारांचे पगार फ्रँचायझीधारकाने सोसायचे असतात. चार माणसे दोन आठवडे मुंबईत राहणार असतील, तर ही रक्कम लहान नसते आणि कंपनीने दिलेल्या गुंतवणुकीच्या तक्त्यात ती बऱ्याचदा दिसत नाही. ठरलेल्या संख्येहून अधिक माणसे पाठवली, किंवा पुढे नवा व्यवस्थापक पाठवला, तर माणशी वेगळे शुल्क लागते का तेही विचारून ठेवा.

जीएसटीचा हिशेबही करून ठेवला पाहिजे. फ्रँचायझी शुल्क आणि रॉयल्टी यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शुल्क 5 लाख असेल तर 90,000 रुपये वर. आपण साधे उपाहारगृह काढून ग्राहकाकडून 5 टक्के जीएसटी घेणार असाल, तर त्या दराबरोबर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. साहजिकच हे 90,000 रुपये परत न येणारा खर्च ठरतात. आपल्या सनदी लेखापालाला कराराचा मसुदा दाखवूनच पुढचे पाऊल टाका.

करारात आणखी एक कलम शोधा. प्रशिक्षण ‘समाधानकारकरीत्या पूर्ण’ न केल्यास करार रद्द करण्याचा अधिकार अनेक कंपन्या स्वतःकडे ठेवतात. हा अधिकार असण्यात गैर काही नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाने दुकान उघडले तर ब्रँडचे नाव जाते. प्रश्न एवढाच की समाधान कोणाचे, कसोटी कोणती, दुसरी संधी मिळणार का, आणि करार रद्द झाला तर भरलेल्या शुल्कापैकी किती परत मिळणार. या चार गोष्टींची उत्तरे लेखी घ्या. प्रशिक्षणाआधी गोपनीयतेच्या करारावर सही घेतली जाते, तीही नेहमीची गोष्ट आहे. पाककृती आणि पुरवठादारांची माहिती कंपनी उघडपणे देणार नाही, हे समजण्यासारखे आहे.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. गुंतवणूक माझी असेल, पण दुकान पगारी व्यवस्थापक पाहील. प्रशिक्षणाला त्यालाच पाठवले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी नोकरीचे पाहा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांनुसार शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार किंवा धंदा करता येत नाही. फ्रँचायझीच्या करारावर आपली सही होण्याआधी आपल्या कार्यालयाकडून याबाबत लेखी खुलासा करून घेणे आवश्यक आहे.

कुटुंबातील दुसरी व्यक्ती स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या निर्णयाने हा व्यवसाय करणार असेल, तर प्रशिक्षणाला त्या व्यक्तीनेच गेले पाहिजे. अनेक कंपन्यांची ही अटच असते की, मालकाने किंवा दुकानाची पूर्ण जबाबदारी घेणाऱ्या भागीदाराने स्वतः प्रशिक्षण पूर्ण करावे. ही अट मला योग्य वाटते. व्यवस्थापकाला तीन महिन्यांनी शेजारच्या हॉटेलात दोन हजार रुपये जास्त मिळाले की तो जाणार, आणि त्याच्याबरोबर आपण पैसे मोजून घेतलेले सगळे शिक्षणही जाणार. मागे राहिलेल्या मालकाला तेलाचे डबे का जास्त लागत आहेत हे कळत नाही, आणि नव्या माणसाने ‘पूर्वीही असेच करत होते’ म्हटले की मान डोलवण्यापलीकडे काही करता येत नाही. व्यवस्थापकाला जरूर पाठवा, पण मालकाबरोबर, त्याच्याऐवजी नव्हे.

प्रश्न : प्रशिक्षण हिंदी-इंग्रजीत आहे. माझ्या दुकानातल्या स्त्रिया मराठीच बोलतात आणि वाचतात. काय करावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कंपनीकडे कार्यपुस्तिकेतील रोजच्या वापराच्या पानांचे मराठी रूप मागा. सगळी पुस्तिका लागत नाही. वजने, वेळा, तापमाने, हात धुण्याची आणि साफसफाईची पद्धत एवढे पुरते. कंपनीकडे ते नसेल, तर प्रशिक्षणाच्या काळातच आपण ते लिहून काढा, कंपनीच्या प्रशिक्षकाकडून तपासून घ्या आणि त्याची लेखी मान्यता घेऊन प्रत्येक कामाच्या जागी लावा. फ्रिजवर ‘5 अंशांच्या खाली’ आणि गरम पदार्थांच्या भांड्यावर ‘60 अंशांच्या वर’ एवढे ठळक मराठीत लिहिलेले असेल, तर दिवसभरात दहा वेळा सांगावे लागत नाही. आधी आणलेला माल आधी वापरण्यासाठी डब्यावर तारीख टाकण्याची सवय आपल्या घरांत लोणच्या-पापडांच्या बाबतीत असतेच. तिला फक्त शिस्त लावायची आहे. शिकवताना त्यांच्यासमोर स्वतः एकदा करा, मग त्यांच्याकडून करून घ्या, आणि तिसऱ्या वेळी त्यांनाच दुसऱ्या बाईला शिकवू द्या. नुसती ऐकलेली गोष्ट चार दिवसांत विसरते.

प्रश्न : बारामतीत पूर्वप्राथमिक शाळेची फ्रँचायझी घेण्याचा विचार आहे. तेथील प्रशिक्षण कसे असते? (एक वाचिका, बारामती)

उत्तर : या क्षेत्रात प्रशिक्षणाचे दोन भाग पडतात. मालकासाठी प्रवेश, फी, जाहिरात आणि पालकांशी बोलणे यांवर भर असतो, तर शिक्षिकांसाठी अभ्यासक्रम, खेळसाहित्य, गोष्टी-गाणी आणि दिवसाचे वेळापत्रक यांवर. आपल्याला माझा आग्रह एवढाच आहे की, आपण मालकाच्या भागाबरोबर शिक्षिकांच्या भागालाही पूर्ण वेळ बसावे. वर्गात काय चालले पाहिजे हे ज्या संचालिकेला ठाऊक नाही, तिला वर्गात काय चुकते आहे हेही दिसत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी प्रशिक्षणात काय आहे, हे मात्र सर्वांत आधी विचारा. मूल कोणाच्या हाती सोपवायचे, गाडीतून उतरलेल्या मुलांची मोजदाद कोणी करायची, मदतनीस आणि चालक यांची पोलीस पडताळणी कधी करायची, घशात काही अडकले तर पहिल्या मिनिटाला काय करायचे, हे प्रात्यक्षिकासह शिकवले गेले पाहिजे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास किंवा तशी शंका आल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ते न कळवणे हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल या भीतीने गप्प बसणारे लोक नंतर कायद्यालाही आणि स्वतःलाही तोंड देऊ शकत नाहीत. कंपनीच्या प्रशिक्षणात हा विषय नसेल, तर शाळा उघडण्याआधी आपण स्वतंत्रपणे बाल-सुरक्षा आणि प्रथमोपचार यांचे शिक्षण सर्व कर्मचाऱ्यांना द्या. या खर्चात काटकसर करू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि येथे एका सेवा व्यवसायाची फ्रँचायझी घेऊ इच्छितो. अमेरिकेत प्रशिक्षणाविषयी आधी माहिती मिळते का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : मिळते, आणि या बाबतीत आपली स्थिती भारतातील वाचकांहून पुष्कळ बरी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या फ्रँचायझी नियमानुसार कंपनीने आपल्याला 23 बाबींचा एक माहिती-दस्तऐवज, म्हणजे ‘फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट’, द्यावा लागतो, आणि तो करारावर सही करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान 14 दिवस आधी हाती पडला पाहिजे. त्यातील अकराव्या बाबीत प्रशिक्षणाचा तक्ता असतो. विषय, वर्गातील तास, प्रत्यक्ष कामावरील तास आणि ठिकाण असे रकाने त्यात असतात. त्याखेरीज प्रशिक्षकांचा अनुभव, कोणी हजर राहणे सक्तीचे आहे, शुल्क किती आणि प्रवास-निवासाचा खर्च कोणाकडे, हेही सांगावे लागते. नाशिकच्या वाचकांना मी जे परिशिष्ट जोडून घ्यायला सांगितले, त्याचा नमुना म्हणून हा तक्ता भारतातील वाचकांनीही डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

तक्ता वाचताना वर्गाचे तास आणि कामावरचे तास यांची तुलना करा. त्यानंतर विसाव्या बाबीकडे वळा. तेथे सध्याच्या फ्रँचायझीधारकांची आणि गेल्या आर्थिक वर्षात व्यवसाय सोडून गेलेल्यांची संपर्कासह यादी असते. त्यांपैकी काहींना फोन करा. ‘प्रशिक्षण चांगले होते का’ असे विचारले तर ‘हो, चांगले होते’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी, उघडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अशी कोणती गोष्ट समोर आली की जी शिकवलीच नव्हती, असे विचारा. सोडून गेलेल्यांशी आधी बोला. त्यांना काही लपवायचे कारण नसते.

मोठ्या साखळ्या प्रशिक्षणाला किती महत्त्व देतात, याचे जुने उदाहरण अमेरिकेतच आहे. मॅकडोनाल्ड्‌सने 1961 मध्ये इलिनॉय राज्यातील एल्क ग्रोव्ह व्हिलेज येथे एका उपाहारगृहाच्या तळघरात ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ सुरू केली. ती आता शिकागोत आहे. साखळी वाढू लागली की प्रत्येक दुकानात मूळ मालक उभा राहू शकत नाही, आणि त्याची जागा प्रशिक्षणाने भरून काढावी लागते, हे त्या मंडळींनी फार लवकर ओळखले होते.

प्रश्न : आमचे दुकान उघडून दोन महिने झाले. उद्घाटनाच्या वेळी कंपनीची तीन माणसे आठवडाभर होती, तेव्हा सगळे सुरळीत चालले. ती गेल्यापासून पदार्थाची चव बदलल्याच्या तक्रारी येत आहेत आणि प्रशिक्षण घेतलेल्या पाचपैकी दोन मुलेही सोडून गेली. आता पुन्हा प्रशिक्षण मागता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मागता येईल आणि लगेच मागा. करारात नंतरच्या प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्र-व्यवस्थापकाच्या भेटींचे कलम पाहा. मासिक रॉयल्टी ज्या सेवांसाठी घेतली जाते, त्यांत अशा भेटी बहुधा धरलेल्या असतात. कंपनीला पत्र किंवा ईमेल करा, फोनवर बोलून थांबू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या पदार्थाबद्दल, काय तक्रार आली याची यादी सोबत जोडा. ‘चव बदलली’ एवढे लिहिले तर उत्तरही मोघम येते.

कंपनीचे उत्तर येईपर्यंत स्वतः काही गोष्टी तपासून पाहता येतील. चव बदलण्यामागे बहुतेक वेळा वजने, तेल, तापमान आणि मालाचा पुरवठादार यांपैकी काहीतरी असते. एक दिवस प्रत्येक प्लेट वजन करूनच बाहेर जाऊ द्या आणि दिवसअखेर साठा जुळवा. तेल किती वेळा वापरले जाते ते वहीत लिहा. ठरलेल्या पुरवठादाराचा मसाला संपल्यावर कोणी बाजारातून दुसरा आणला का, हेही विचारा. विचारताना रागावू नका, नाहीतर खरे कोणी सांगणार नाही. उद्घाटनाच्या आठवड्यात सगळे सुरळीत चालले, कारण गर्दीच्या वेळी निर्णय कंपनीची अनुभवी माणसे घेत होती आणि आपली मुले केवळ हात चालवत होती. असे पुष्कळ ठिकाणी घडते, आणि त्यात आपल्या मुलांची चूक नाही. ज्यांचे दुकान अजून उघडायचे आहे त्यांनी त्या आठवड्यातल्या शेवटच्या दोन दिवशी कंपनीच्या माणसांना मागे उभे करावे आणि दुकान आपल्या माणसांकडून चालवून घ्यावे. चुका झाल्या तर त्या सुधारणारे कोणीतरी तेव्हा जवळ असते.

सोडून गेलेल्या दोघांच्या जागी येणाऱ्या मुलांना कोण शिकवणार, याचा निर्णय आपल्याला आजच करावा लागेल. कंपनी प्रत्येक नव्या मुलासाठी माणूस पाठवू शकत नाही. राहिलेल्या तिघांपैकी ज्याचा हात स्वच्छ आहे आणि जो समजावून सांगताना चिडत नाही, त्याला प्रशिक्षकाचे काम द्या, त्यासाठी पगारात थोडी वाढ करा, आणि कंपनीकडे मागायच्या नव्या प्रशिक्षणात पहिले नाव त्याचे घाला. नवा मुलगा पहिले तीन दिवस त्याच्या शेजारी उभा राहील, चौथ्या दिवशी दुपारच्या शांत वेळेत एकटा काम करील आणि आठवडा पूर्ण झाल्यावरच संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर येईल, असे वेळापत्रक लिहून भिंतीवर लावा. कंपनीकडून 15 दिवसांत उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यात कराराच्या संबंधित कलमाचा क्रमांक नमूद करा.